पडवीतला खळगा

या, अशा पुढे सरकून बसा. एवढी पडवी मोकळी पडलीय आणि तुम्ही आपले उंबरठ्याला चिकटून, जसं काही मी हाकलूनच देणार आहे. आणि पाय हलवू नका. बसल्या जागी पाय हलवला की घरातली लक्ष्मी उठून जाते, असं माझी आई म्हणायची. ते इतकं अंगात भिनलंय की कोणाचा गुडघा हलताना दिसला की माझं बोलणंच अडखळतं. उभ्या जन्मात पाय हलवणारं एकच माणूस मी या पडवीत चालवून घेतलं. तिचंच सांगायचंय, म्हणून तर बोलावलं.

ती खिडकीखालची खुर्ची बघा. तिच्यापुढे जमिनीत वाटीएवढा खळगा दिसेल. तो तिच्या उजव्या टाचेचा. मी दर शनिवारी माती-शेण घालून बुजवायचे आणि पुढच्या शनिवारपर्यंत ती परत खोदून ठेवायची. "अगो, विहीर पाडतेस काय माझ्या पडवीत?" म्हटलं की पाय थांबायचा, दोन घटका. मग परत सुरू.

तिचं नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही. मूळची रत्नागिरी शहरातली, नोकरी पुण्यात, वय चाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही. दापोलीहून बुरोंडीकडे जाताना आमची वाडी लागते, तिथे माझी माडीवरची खोली तिने वर्षभरासाठी घेतली. खोली नावाला. फोनची रेंज पडवीतच बरी लागते, म्हणून दिवसभर इथे. मांडीवर लॅपटॉप, बाजूला कोऱ्या चहाचा पेला, तो कायम गार झालेला. काही अडलं की उठायची आणि पुढच्या अंगणात, खळ्यात, येरझाऱ्या घालायची. मी तांदूळ निवडत बसलेली असायचे. ती अचानक खळ्याच्या मध्यावर थांबायची आणि म्हणायची, "काकू, अजून एक जागा निघाली."

तिचं हे पालुपद. सकाळी चूळ भरताना, जेवताना घास हातात घेऊन, एकदा तर देवाला हात जोडलेले असताना. अजून एक जागा निघाली.

कसली जागा ते सांगते. माझं शिक्षण सातवी, तेव्हा समजलं तसं सांगते. चुकलं तर तुमच्यातल्या जाणत्यांनी मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या.

जगभर पसरलेलं एक मोठं कपाट आहे, असं धरा. त्याचे खण एका घरात नाहीत. एक आपल्या इकडे, एक पुण्यात, एक जर्मनीत. पण कुठूनही दार उघडलं की सगळे खण आपल्याच घरात असल्यासारखे एकाखाली एक दिसतात. हे कपाट कुठल्या कंपनीचं नाही. हवं त्याने वापरावं, येतं त्याने डागडुजी करावी. आमची वाडीची विहीर आम्ही मे महिन्यात सगळे मिळून उपसतो, तसं. याला ती ओपन सोर्स म्हणायची.

आता कुठला खण कुठे आहे ते कळायला प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. हा पत्ता चार आकड्यांचा. ज्यांनी कपाट बांधलं त्यांनी जिथे तिथे चार आकडे मावतील एवढीच जागा ठेवली. तेव्हा पुरेल असं वाटलं असणार. पुढे यंत्रं इतकी झाली की पत्ते संपले, आणि नवे लांबलचक पत्ते निघाले. त्यांना चौपट जागा लागते. इंटरनेटच्या पत्त्यांची सहावी आवृत्ती म्हणून ती त्यांना नुसतं 'सहा' म्हणायची. ज्याच्याकडे फक्त नवा पत्ता, त्याला हे कपाट उघडेना. मग कपाटाच्या आत जिथे जिथे चारपुरतीच जागा धरलीय ती शोधून काढायची आणि मोठी करायची, हे हिने अंगावर घेतलेलं. कोणी सांगितलेलं नव्हतं. बिनपगारी रजा काढून आली होती.

त्याला कारण होतं. इथून एसटीने अर्ध्या तासावर भाताचं एक छोटं संशोधन केंद्र आहे. तिची पहिली नोकरी तिथली. कुठलं बी कातळावर तगलं, कुठलं खाजणातल्या खाऱ्या पाण्यात टिकलं, त्याच्या कित्येक वर्षांच्या नोंदी, लोंब्यांचे फोटो, सगळं तिने तरुणपणी त्या कपाटात लावून दिलेलं. आता शिमगा झाला की केंद्रात इंटरनेटची नवी लाइन येणार होती आणि तिच्यावर फक्त नवे पत्ते. तोवर कपाटाला ते पत्ते समजले नाहीत, तर कपाट सोडायचं आणि अलीकडची थोडी वर्षं तेवढी दुसरीकडे हलवायची, असं ठरलेलं. बाकीचं हलवायला ना माणूस, ना जागा. म्हणजे मागचं सगळं गेलंच म्हणायचं.

म्हणून तो पाय.

बुरोंडीची मासळीवाली आमच्याकडे दिवसाआड येते. ती मला म्हणाली, "ही बाय करते काय गो दिसभर?" मी काय सांगणार, म्हटलं, "कपाटाच्या चाव्या करते." दुसऱ्या फेरीला ती टोपलीत बांगड्यांबरोबर एक गंजलेलं कुलूप घेऊन हजर. सासूच्या ट्रंकेचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आमच्या बाईने कुलूप घेतलं, माझ्याकडून खोबरेल मागितलं, आणि डोळे पडद्यावर ठेवून एका हाताने चावी फिरवत बसली. पाय चालूच. जरा वेळाने कुलूप खट्ट करून उघडलं. मासळीवाली आजही सांगते की ते तेलाने नाही, पाय हलवल्याने उघडलं. तेव्हापासून हिच्या वाट्याला दोन बांगडे वर पडायचे.

तर हे कपाट सांभाळणारे चार-पाच जण, देशोदेशी. हिने काही केलं की त्यांना पाठवायचं, त्यांनी तपासायचं आणि पटलं तर आत घ्यायचं. त्यातला एक फार खुसपटं काढायचा. त्याचं उत्तर दिवेलागणीला यायचं, तेव्हा त्याच्याकडे दुपार असायची म्हणे. ती उभ्याने वाचायची. वाचून झालं की लॅपटॉप ठेवायची आणि खळ्यात फेऱ्या.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, जुन्यांचं काय."

"कुठल्या जुन्यांचं?"

"जुन्या यंत्रांचं. म्हातारा आहे तो, काकू. त्याला काही हलवायलाच नको असतं."

तिने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव म्हातारा पडलं. मीही विचारायचे, "आज म्हाताऱ्याचं काय?" जसा काही तो वरच्या आळीत राहतो.

भांडण असं होतं. कपाटाची यंत्रं एकमेकांना निरोप पाठवतात, अमुक खण तमुक पत्त्यावर आहे म्हणून. शिमग्याच्या आत काम व्हावं म्हणून हिने तो निरोपच बदलून टाकला होता. नव्या पद्धतीचा एकच निरोप, सगळ्यांसाठी. ज्या जुन्या यंत्राला तो कळणार नाही ते मुकं होणार. हिचं म्हणणं, बदलतील की. दहा-दहा वर्षांची यंत्रं आता कोण वापरतं? आणि म्हाताऱ्याने एका ओळीत लिहिलं, कोण ते मला माहीत नाही, म्हणूनच.

ती ओळ तिला इतकी झोंबली की त्या दिवशी तिने भात तसाच टाकला.

दोन दिवसांनी सकाळी घावणे करत होते. ती तव्यापाशी येऊन म्हणाली, "काकू, मी वेगळी होणार."

"लग्न झालं नाही तुझं. वेगळी कोणापासून?"

"म्हाताऱ्यापासून."

ओपन सोर्समध्ये तशी सोय असते म्हणे. कपाटाचा सगळा आराखडा उचलायचा आणि आपली वेगळी चूल मांडायची. मग कोणाची परवानगी नको. केंद्रात आपलं कपाट लावायचं, तारीख गाठायची.

मी म्हटलं, "वेगळी चूल मांडायला तीन दगड पुरतात गो. पुढे रोज लाकडं कोण आणणार, तू एकटी?"

"तुम्ही म्हणी बनवू नका काकू. मला राग येतो." आणि तव्यावरचा घावणा उचलून निघून गेली. बोटं भाजली असणार, पण दाखवलं नाही.

थांबा, कुकरच्या किती झाल्या? दोन ना? मग होऊ दे अजून एक.

तर शिमगा आला. आमच्याकडे शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते, ते तुम्हाला सांगायला नको. मुंबईकर गावात उतरलेले, खळी सारवलेली, बायका ओटीची ताटं घेऊन बसलेल्या. माझ्या आधी पालखी अण्णांकडे जाते. अण्णा म्हणजे आमचे शेजारी. नोकरी सगळी मुंबईत झाली, आता कायमचे परत आलेत, हापूसची नवी कलमं लावलीत. सज्जन माणूस. आम्ही ढोलाचा आवाज ऐकत होतो. जवळ आला, अगदी अण्णांच्या कुंपणाशी आला, आणि तिथेच राहिला. वाजतोय, पण पुढे सरकत नाही.

तिला कुठलं बसवतंय. ती उठून गेली, मागोमाग मी.

बघते तर पालखी दगडांच्या गडग्यापुढे अडलेली. आमच्या वाडीत आधी चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी होती, तीच येण्याजाण्याची वाट. मग डांबरी रस्ता झाला आणि पाखाडीवर कोणी फिरकेना. गुरं तेवढी त्या वाटेने अण्णांच्या कलमांत शिरायची. म्हणून दिवाळीच्या सुमाराला अण्णांनी दगड रचून ती वाट बंद केली. चोरून केलं नाही. घरोघर जाऊन विचारलं होतं. मलाही विचारलं होतं, मी म्हटलं, "घाला की अण्णा, तिथून जातंय कोण." सगळ्यांनी मान डोलावली. वर्षातून एकदा तिथून पालखी जाते, हे वाडीत एकाच्याही ध्यानात आलं नाही. गुरवाच्यासुद्धा.

कोणीतरी म्हणालं, "रस्त्याने फिरवूया."

गुरव म्हणाला, "रस्ता आपल्याला. तिला हीच वाट म्हायत हाय."

पालखी मागे फिरवत नाहीत आणि मध्येच खाली टेकवतही नाहीत. खांदेकरी तसेच उभे, घामाने निथळत. ढोलवाले जागच्या जागी वाजवतायत. अण्णा हात जोडून एकच सांगत होते, "मी घरोघर विचारलं होतं हो. विचारलं होतं." कोणी त्यांना बोललं नाही. बोलणार काय? मग अण्णांनीच गडग्याचा वरचा दगड काढला. दुसरा कोणी काढला. बघता बघता रांग लागली, दगड या हातातून त्या हातात. आमची बाई रांगेत सगळ्यात पुढे, सलवारीला माती, केसांत गुलाल. वाट मोकळी झाली, पालखी आली, अण्णांकडे नाचली, मग माझ्या खळ्यात नाचली. मी ओटी भरली. दरवर्षीसारखंच सगळं.

पालखी गेल्यावर ती खुर्चीत येऊन बसली. थोड्या वेळाने माझं लक्ष गेलं, पाय हलत नव्हता. मी घाबरले. ताप भरला की काय म्हणून कपाळाला हात लावला.

ती म्हणाली, "अण्णांनी खरंच सगळ्यांना विचारलं होतं?"

"सगळ्यांना."

"आणि तरी."

"आणि तरी."

तिने केसांतला गुलाल झटकला. मग म्हणाली, "मी तर विचारलंही नाही, काकू."

दुसऱ्या दिवशी तिने वेगळ्या चुलीचं नाव टाकलं आणि हिवाळाभर केलेलं ते निरोपाचं काम बाजूला सारलं. जुना निरोप होता तसा राहू द्यायचा, त्याला हात लावायचा नाही. नवा त्याच्या शेजारी वेगळा ठेवायचा. ज्याला जो कळेल तो त्याने घ्यावा. सांगायला सोपं, करायला दुप्पट. आणि शिमगा तर होऊन गेलेला.

ती एसटीने केंद्रात गेली, तारीख पाळता येत नाही म्हणून स्वतःच्या तोंडाने सांगून आली. तिथले साहेब म्हणाले, "लाइनीची तारीख माझ्या हातात नाही. एक जुनं यंत्र जुन्या लाइनीवर ठेवतो, तुमचं कपाट त्यावर राहील. पण पेरणीपर्यंतच. मग मलाही वर उत्तर द्यावं लागेल."

तो चैत्र-वैशाख मी कसा काढला, मला विचारा. ती बसेना आणि मला बसू देईना. आंबे उतरले, अढी घातली, पिकले, आणि ती आंबा खाताना कोय हातात धरून खळ्यात फिरतेय. वीज गेली की इथली रेंजही जायची, मग छत्री घेऊन फाट्यावर जायची, तिथे रेंज येते म्हणून, आणि भर उन्हात एसटीच्या थांब्यावर उभी राहून काम करायची. आता ती एकदम मोठं काही पाठवत नव्हती. तुकडे करून पाठवायची. मी दिवेलागणीला दिवा लावला की विचारायचे, "घेतलं म्हाताऱ्याने?" कधी घेतलं, कधी परत आलं. परत आलं तरी आता जेवण टाकत नव्हती. शिव्या घालत जेवायची.

एके दिवशी म्हाताऱ्यानेच कळवलं, समोरासमोर बोलू, लिहून वेळ जातोय. तिने केस विंचरले. मीही पदर सारखा केला आणि मागे जाऊन उभी राहिले. एवढे दिवस ज्याच्यावर चरफडलो तो बघायला नको? पडद्यावर आला तर तिशीतला पोरगा. दाढी जरा वाढलेली, खांद्यावर तान्हं मूल, ते थोपटत थोपटत बोलतोय. डोळ्यांखाली काळं. मी हिच्या कानात म्हटलं, "अगो, हा तर माझ्या नातजावयाएवढा." ती अशी हसली की तो बिचारा विचारायला लागला काय झालं. तिने सांगितलं नाही. पण मूल रडायला लागलं तेव्हा मी मागून म्हटलं, पाठ चोळ, वारा धरलाय त्याला. तिने ते इंग्रजीत सांगितलं, आणि त्याने चोळली.

पेरणीच्या आदल्या आठवड्यात केंद्रात जायचं होतं. मला म्हणाली, "काकू, तुम्ही पण चला. मला एकटीला धीर नाही." एसटीत मी तिच्या शेजारी बसले, वाटभर बाकडं हादरत होतं.

टेबलावर दोन यंत्रं ठेवलेली, एक जुन्या लाइनीवर, एक नव्या. जुन्यावर कपाट उघडलं. ते उघडणारच होतं. मग तिने नव्यावर बोट ठेवलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. हिच्या पायाने टेबल इतकं हलायला लागलं की साहेबांनी आपला चहा उचलून हातात घेतला. मी मनात देवीला गाऱ्हाणं घातलं, म्हटलं, बाई, हिला वाट दे.

आणि उघडलं. दोन्हीकडे तेच खण, तीच नावं. तिने मागचा, अगदी तळचा खण उघडला आणि एक फोटो काढला. भाताची लोंबी, हातात धरलेली. खाली लिहिलेलं, पटणी. माझ्या माहेरी पटणीचा भात असायचा. किती वर्षांत मी ती लोंबी बघितली नव्हती. फोटोच्या कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा आला होता.

मी म्हटलं, "हा अंगठा कोणाचा?"

"माझा," ती म्हणाली. "फोटोत आला म्हणून तेव्हाच्या साहेबांनी ओरडा दिला होता."

ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली. मी तिच्या पायाकडे बघितलं. शांत होता. साहेब म्हणाले, "मग कपाट राहील इथेच." चहाचा पेला त्यांनी टेबलावर ठेवला. आणि हिने मान वाकडी करून पडद्याच्या खाली बघितलं. "काकू," म्हणाली, "इथे पत्ता अर्धाच दिसतोय. अजून एक जागा निघाली."

पाय सुरू.

पेरण्या आटोपल्या आणि ती गेली. रजा संपली होती. मी फाट्यावर पोचवायला गेले, कुळथाचं पीठ आणि आंब्याची साठं दिली. खिडकीत बसली. गाडी सुरू व्हायच्या आधीच तिची खिडकी थडथडत होती, ते मला खालून दिसत होतं.

पुढे ती पुणंही सोडून गेली. आता त्या म्हाताऱ्याच्याच देशात असते, त्याच कपाटाची नोकरी लागलीय म्हणे तिला. फोन करते. "येते काकू, एवढं एक झालं की येते." दोन शिमगे झाले. अण्णांनी गडग्याच्या जागी बेडं बसवलंय, दोन खांब आणि आडव्या सरकत्या काठ्या. गुरं अडतात आणि माणसाला वाट मिळते. पालखीच्या दिवशी अण्णा सकाळपासून काठ्या काढून तिथे स्टूल टाकून बसतात, कोणी हसलं तरी उठत नाहीत. ढोल तिथवर आला की मी मात्र खुर्चीकडे बघते. केंद्रातले साहेब मध्ये भेटले, म्हणाले कपाट चालू आहे. मासळीवाली विचारते, ती पायवाली कधी येणार.

मी अलीकडे माडीचा जिना चढत नाही. पडवी सारवते, पण तो खळगा दोन वर्षांत बुजवलेला नाही. सारवताना हात त्याच्या कडेने फिरवते आणि पुढे जाते.

फोनवर माझ्याने हे बोलवत नाही. तुमच्यातलं कोणीतरी हे तिच्यापर्यंत पोचवेल, म्हणून तिलाच सांगते. बाय, एवढं एक व्हायची वाट बघू नकोस, तुझं ते कधी संपायचं नाही. रस्त्याने ये नाहीतर पाखाडीने ये, मी अण्णांना बेडं काढून ठेवायला सांगते. खुर्ची जागेवर आहे. पाय हलव हवा तेवढा, मी काही बोलणार नाही. पण आता लवकर ये.